मे महिन्यातलं हिरवंगार जंगल

पुस्तकाचं नाव सांगत नाही, लेखकाचं तर मुळीच नाही. ते हयात असतील तर या वयात त्यांना कशाला त्रास, आणि नसतील तर त्यांच्या नातवंडांनी माझ्याशी भांडायला सिल्वासापर्यंत यावं अशी माझी इच्छा नाही. एवढंच सांगते, की ती लहान मुलांची कादंबरी होती. चार भावंडं मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या काकांबरोबर जंगलात तंबू ठोकून राहतात, अशी गोष्ट. आणि ती मला दहाव्या वर्षापासून जवळजवळ पाठ आहे.

ती मला मिळाली कंपनीतून. माझे वडील खडोलीला धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला होते. धाग्याचे कोन, म्हणजे मोठाली रिळं, खोक्यात भरले की मधल्या फटींत कोंबायला कंपनी पोत्यांनी रद्दी विकत घ्यायची. एक दिवस त्या रद्दीत अख्खं पुस्तक निघालं. कव्हर नव्हतं, पण पानं सगळी होती. वडिलांनी ते शर्टाच्या आत घालून गेटवरून बाहेर काढलं आणि माझ्यापुढे टाकलं. आयुष्यात त्यांनी केलेली ही एकमेव चोरी, आणि तीही साहित्याची.

आम्ही राहायचो पत्र्याच्या खोलीत. एका ओळीत बारा खोल्या, बाराही घरं धुळे-जळगाव-नंदुरबारकडची. मे महिन्यात दुपारी तो पत्रा असा तापायचा की आई फरशीवर पाणी शिंपडून आम्हाला त्यावर लोळवायची. त्या ओल्या फरशीवर पालथी पडून मी वाचायचे: जंगलातली हिरवीगार सावली, खळाळणारा ओढा, पहाटेची थंडी आणि काकांनी मुलांच्या अंगावर घातलेल्या शाली. मे महिन्यात शाली! मला त्या मुलांचा इतका हेवा वाटायचा की रडू यायचं.

एकदा वडिलांना म्हटलं, "आपण जंगलात जाऊ या ना एकदा." जंगल काही लांब नव्हतं, बस खानवेलच्या पुढे जाते ती जंगलातूनच. वडील सुट्टीच्या दिवशी आठवड्याचे कपडे धूत होते. मान वर न करता म्हणाले, "जंगलमा काय शे? रान सोडीसन तं आठे उनूत." म्हणजे रान सोडून तर इथे आलो, आता परत रान काय बघायचं. विषय संपला. पण माझ्या डोक्यातून तो ओढा काही गेला नाही.

पुढे मी शिकले, बी.एड. केलं आणि इथेच गावातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत लागले. पहिल्याच महिन्यात वाचनालयाच्या कपाटात तीच कादंबरी सापडली, कव्हरसकट. झालं! तेव्हापासून दरवर्षी सहावीच्या वर्गाला शनिवारच्या शेवटच्या तासाला मी ती वाचून दाखवते. एकोणीस वर्षं झाली. काकांचा आवाज घोगरा, धाकट्या बहिणीचा घाबरट, बिबट्याच्या डरकाळीला टेबलावर डस्टर. मुलांना निसर्गाची गोडी लागावी म्हणून. वर्गातली निम्मी मुलं खानवेलच्या वरच्या पाड्यांवरून आलेली, वसतिगृहात राहणारी. ज्यांना जंगलातून उचलून गावात आणून ठेवलं होतं, त्यांना मी पुस्तकातून जंगल दाखवत होते. यात काही विनोद आहे, हे एकोणीस वर्षांत एकदाही माझ्या लक्षात आलं नाही.

माझी स्वतःची मुलगी, ती आता तेरा वर्षांची आहे, ती मात्र इंग्रजी माध्यमात. मराठीची शिक्षिका असून मुलीला इंग्रजीत कसं घातलं, असं लोक विचारतात. मराठीच्या शिक्षिका आहोत म्हणूनच घालतो, आम्हाला आतली बातमी असते. ती मैत्रिणींशी गुजरातीत बोलते, भांडते हिंदीत, आणि मराठी फक्त भूक लागली की. तिला ती कादंबरी वाचायला लावायचे माझे सगळे प्रयत्न दुसऱ्या पानावर संपत. "आई, यात काही होतच नाही. ते नुसते बघतात आणि म्हणतात, किती सुंदर!"

गेल्या मे महिन्यात माझ्या थोरल्या दिरांचा ठाण्याहून फोन आला. भाऊजी नुकतेच निवृत्त झाले होते आणि निवृत्त माणसांना होतो तसा त्यांना निसर्ग झाला होता. टोपी घेतली होती, दुर्बीण घेतली होती, पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगणारं काहीतरी फोनमध्ये घातलं होतं. ते राहतात एकोणिसाव्या मजल्यावर, एका झाडाचं नाव दिलेल्या इमारतीत. ते झाड आता तिथे नाही. म्हणाले, "तुमच्याकडे एवढा निसर्ग आहे आणि तुम्ही घरात बसता! आम्ही येतोय. एक दिवस पूर्ण जंगलात."

माझा नवरा प्रशासनात कारकून आहे. त्याचं म्हणणं, दुधनीला धरणाच्या पाण्यात बोटीत बसवू, जेवण करू, आणि संध्याकाळी परत. शहाणा माणूस. पण माझ्या डोक्यात एकदम तो ओढा खळाळायला लागला. म्हटलं, नाही. बोट नाही, हॉटेल नाही, गाडी रस्त्यावर सोडायची आणि पायी जायचं. पुस्तकात जसं आहे तसं.

"पुस्तकात कुठल्या महिन्यात गेले होते?" नवऱ्याने विचारलं.

"मे."

"आणि छापलं कुठे होतं?"

"पुण्याला."

"बरं," तो म्हणाला. त्याच्या 'बरं'चा अर्थ मी वीस वर्षांत शिकले आहे, पण त्या दिवशी ऐकलं नाही.

रविवारी सकाळी निघालो. भाऊजी, जाऊबाई, आम्ही दोघं आणि मुलगी. जाऊबाईंनी पांढरे बूट घातले होते आणि सोबत थेपले, वेफर्स, लोणचं, टिश्यूचा डबा आणि हाताला चोळायचं जंतुनाशक आणलं होतं. वीस लिटरचा पाण्याचा जार डिकीत. राखोलीचा पूल ओलांडला आणि भाऊजींनी काच खाली करून मोठा श्वास घेतला. "आहाहा. ही हवा!" समोर दोन कारखान्यांच्या चिमण्या होत्या. मी मान डोलावली, पाहुणे आहेत.

खानवेलच्या पुढे रस्त्याकडेला ठिकठिकाणी गाड्या उभ्या होत्या. सुरतच्या, वापीच्या, वलसाडच्या. शेजारच्या राज्यात दारूबंदी आहे, त्यामुळे तिथल्या लोकांना आमच्या निसर्गाचं फार आकर्षण. शनिवार-रविवारी कुटुंबं झाडाखाली सतरंजी पसरतात, बायका एका झाडाखाली, पुरुष जरा लांबच्या झाडाखाली, आणि लांबच्या झाडाखाली निसर्ग जास्त रंगतो. सोमवारी तिथे काचा असतात.

"आपण असल्या ठिकाणी थांबायचं नाही," मी म्हटलं. मला पुस्तकातलं वळण हवं होतं. तिसऱ्या प्रकरणात मुलं रस्ता सोडून ओढ्याच्या काठाने वर चालत जातात आणि त्यांना एक झरा सापडतो. दुधनीच्या अलीकडे एक ओढा उतरताना दिसला. निदान ओढ्याची जागा दिसली. गाडी एका मोहाच्या झाडाखाली लावली, प्रत्येकाने एक बाटली घेतली आणि आम्ही वर चालायला लागलो. पुस्तक माझ्या खांद्याच्या पिशवीत होतं. जार डिकीत राहिला. "एवढं ओझं कशाला," मीच म्हटलं होतं, "वर झरा असेलच."

आता मे महिन्यातल्या सागाबद्दल थोडं सांगायला हवं. मे महिन्यात साग उघडा असतो. एकही पान नाही, नुसते खांब उभे. सगळी पानं खाली, वाळून पापडासारखी, पाय ठेवला की असा आवाज होतो की बिबट्या असलाच तर पुढच्या तालुक्यात निघून जाईल. सावली सागाच्या बुंध्याएवढी, म्हणजे वीतभर रुंद. भाऊजी त्या वीतभर सावलीत आडवे उभे राहून घाम पुसत होते. पुस्तकात याच महिन्यात, याच झाडांखाली हिरवागार मांडव होता. लेखकाने जंगल पाहिलं असेल तर ते श्रावणात, आणि बहुधा बसच्या खिडकीतून.

ओढ्यात दगड होते. पाणी नव्हतं. "वर असेल," मी म्हणत होते.

"आई, हे अजून किती चॅप्टर आहे?" मुलीने विचारलं.

भाऊजींच्या फोनने एका पक्ष्याला युरोपातला कुठलासा गाणारा पक्षी ठरवलं. ते दुर्बीण लावून दहा मिनिटं शोधत राहिले. शेवटी नवरा म्हणाला, "दादा, तो तांबट आहे. आपल्या गावच्या घरामागे होता तोच." भाऊजींना ते आवडलं नाही. मग करवंदांची जाळी लागली आणि सगळ्यांना जरा बरं वाटलं. आम्ही ओंजळी भरभरून खाल्ली. हात चिकट झाले म्हणून जाऊबाईंनी एका बाटलीने हात धुतले, बुटांवर डाग पडला म्हणून दुसरीने बूट. मी पाहिलं, पण अडवलं नाही, कारण मला अजूनही झऱ्याची खात्री होती.

बारा वाजता झऱ्याच्या जागी एक बांध लागला, आणि बांधापलीकडे कुणाचं तरी नांगरून ठेवलेलं वावर. तिसरं प्रकरण तिथे संपलं. सगळ्यांच्या बाटल्या त्याच्या आधीच संपल्या होत्या. जाऊबाई बांधावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला डोळ्यांपुढे काळं दिसतंय." त्यांचा चेहरा लाल नव्हता, पांढराफटक होता. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. गाडी पाऊण तासावर होती. नवऱ्याने वर बघितलं, चढावर तीन-चार घरं दिसत होती. "पाडा आहे. चला, हळूहळू." त्याने आणि भाऊजींनी जाऊबाईंना दोन्ही बाजूंनी धरलं.

पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी भात पाखडत बसली होती. आम्हाला बघून तिने आत हाक मारली. आतून पंचवीस-सत्तावीस वर्षांची बाई बाहेर आली. तिने काही विचारलं नाही. जाऊबाईंना ओट्यावर आडवं केलं, पदर ओला करून कपाळावर ठेवला आणि तांब्या भरून आणला. जाऊबाई प्यायल्या. मग आम्ही प्यायलो. पाणी थंडगार होतं, मातीच्या वासाचं. भाऊजी तीन तांबे प्यायले, चौथा डोक्यावर ओतला. मुलीने तोंड धुतलं. जाऊबाईंना बरं वाटल्यावर त्यांनीही हातपाय धुतले. मी पिता पिता मनात म्हणत होते, बघ, अगदी पुस्तकासारखं! कारण पुस्तकातही रोज सकाळी डोक्यावर हंडा घेऊन एक रानातली बाई येते, मुलांना पाणी देते, गोड हसते आणि झाडीत नाहीशी होते.

ही मात्र नाहीशी झाली नाही. ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

"बाई, वळखलं नाय?"

मी ओळखलं नव्हतं. चेहरा कुठेतरी होता, पण एकोणीस वर्षांचे वर्ग म्हणजे किती चेहरे.

"सहावीला होते तुमच्या. खिडकीपाशी बसायची. वसतिगृहात होते मी. तुमी शनिवारी गोष्ट वाचायचा."

मला असा काही आनंद झाला की विचारू नका. शिक्षकाला दुसरं काय हवं असतं? मी पिशवीतून पुस्तक काढून तिच्यापुढे धरलं. "हीच ना?"

तिने ते हातात घेतलं नाही. हात ओले होते म्हणून असेल. "हो," ती म्हणाली, "हीच." आणि आत गेली. आतून हंडा उपडा केल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हंडा कमरेवर होता.

"कुठे निघालीस?"

"पाण्याला. संपलं ना."

म्हातारी मान खाली घालून भात पाखडत राहिली. पाड्यावर हातपंप होता, पण तो उन्हाळ्यात नुसता खडखडतो, असं मग कळलं. पाणी खाली धरणाच्या फुगवट्याकडे, आटलेल्या नाल्याच्या पात्रात खणलेल्या खड्ड्यातून आणायचं. सकाळी आणलेला हंडा आणि कळशी हे त्या दोघींचं दिवसभराचं होतं. ते आम्ही पाच जणांनी वीस मिनिटांत प्यायलो, चेहऱ्याला लावलं आणि भाऊजींच्या टकलावर ओतलं.

मी म्हटलं, "थांब, आम्ही आणतो." तोंडून निघून गेलं. ती हसली. पुस्तकातल्या बाईसारखं गोड नव्हे, जरा तिरकं. म्हणाली, "चला मग."

भाऊजी मध्येच पुढे झाले. त्यांना तरतरी आली होती. "एक मिनिट, एक मिनिट. तो हंडा जरा डोक्यावर घेशील? एक फोटो. मागे डोंगर छान येतोय."

ती म्हणाली, "काका, फोटो काढा ना. पण हंडा तुमच्या डोक्यावर. मी काढते."

माझी मुलगी इतक्या मोठ्याने हसली की म्हातारीनेही वर पाहिलं. भाऊजी थोडे हसले, थोडे रागावले आणि ओट्यावरचा प्लास्टिकचा कॅन घेऊन मुकाट्याने आमच्यामागे निघाले. नवरा जाऊबाईंपाशी थांबला.

वाट उताराची, खडी सरकणारी. ती पुढे, तिच्याबरोबर कळशी घेऊन माझी मुलगी, मग मी, मग भाऊजी. पुढच्या दोघींचं गुजरातीत सुरू झालं होतं. ती राखोलीला एका कारखान्यात पॅकिंगला आहे, आठवड्याचे सहा दिवस तिथेच खोली घेऊन राहते, रविवारी आईकडे येते, ते मला मागून ऐकता ऐकता कळलं. म्हणजे तिची आठवड्यातली एकच सुट्टी, आणि ती आमच्यासाठी दुसऱ्यांदा पाण्याला निघाली होती.

खड्डा पुरुषभर खोल. तळाशी जेमतेम चार वाट्या पाणी. ती आत उतरली आणि वाटीने कळशी भरू लागली. चार वाट्या काढल्या की थांबायचं, पाणी पाझरून जमेपर्यंत. मी वर उन्हात उभी. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "तुला ती गोष्ट आवडायची ना?"

ती खालून म्हणाली, "बाई, मी तुमाला एक विचारलं होतं. आठवतं?"

"काय?"

"ती बाई हंडा घेऊन येते ना रोज. मी विचारलं, ती पाणी कुठून आणते? ओढा तर तंबूच्या शेजारीच आहे, मग ते लोक स्वतः का नाय घेत? आन् ओढा नसेल तर किती लांबून आणते?"

"मी काय म्हटलं?"

"तुमी म्हणाला, गोष्टीत ते महत्त्वाचं नाय. खाली बस. सगळे हसले."

मला आठवलं नाही. खूप प्रयत्न केला, अजूनही करते, नाही आठवत. पण वाक्य माझंच होतं, त्यात शंका नाही. मी ते कितीतरी प्रश्नांना म्हटलेलं आहे.

"अगं, ती गोष्ट आहे," मी म्हटलं. हे असं मी खरोखर म्हटलं, खड्ड्याच्या काठावर उभी राहून, तिच्या हातातल्या वाटीकडे बघत. "लेखकाला मुलांच्या गमतीजमती सांगायच्या होत्या."

"हो," ती म्हणाली. चार वाट्या काढल्या. थांबली. "वसतिगृहात आम्ही पोरी रात्री तीच गोष्ट सांगायचो एकमेकींना. पण आमची बाई हंडा टाकून द्यायची आन् त्यांना म्हणायची, जा, आज तुमी आणा. मग ती पोरं हरवायची. मग बाई त्यांना शोधायला जायची. चार दिवस."

"मग?"

"सापडायचे. मरायचे नाय. एकटा काका मरायचा."

माझ्या मागे भाऊजींनी घसा खाकरला.

तासाभराने सगळं भरलं. मी हंडा उचलला. माझं वय चव्वेचाळीस, रोज शाळेचा जिना चढते, मला वाटलं होतं जमेल. तिने माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली, हंडा ठेवला, हात सोडला. दहा पावलं नीट गेले. अकराव्या पावलाला पाणी मानेवरून पाठीत उतरलं, आणि चढ लागला तेव्हा पाव हंडा माझ्या साडीत होता. तिने नुसता हात वर करून हंडा काढून घेतला, आपल्या डोक्यावर ठेवला आणि चालू लागली. भाऊजींनी कॅन तीन ठिकाणी टेकवला आणि चौथ्यांदा टेकवताना तो लवंडला. माझी मुलगी मात्र कळशी कमरेवर घेऊन, एक थेंब न सांडता वर पोचली. तेरा वर्षं मी तिला एक ग्लास उचलून ठेवायला सांगते आहे.

ओट्यावर म्हातारीने हंड्यात डोकावून पाहिलं, मग कॅनमध्ये, आणि वारलीत काहीतरी विचारलं. लेकीने भाषांतर केलं, "आई विचारते, तुमी इकडं कशाला आलात?"

भाऊजी म्हणाले, "निसर्ग बघायला."

तिने आईला सांगितलं. म्हातारीने आमच्याकडे एकेकाकडे बघितलं. जाऊबाईंच्या एकेकाळच्या पांढऱ्या बुटांकडे, माझ्या ओल्या साडीकडे, भाऊजींच्या उन्हाने लालभडक झालेल्या नाकाकडे. पुन्हा काही म्हणाली.

"म्हणते, दिसला का?"

जाऊबाईंनी निघताना थेपल्यांचा डबा आणि हाताला चोळायचं जंतुनाशक दोन्ही ओट्यावर ठेवलं. म्हातारीने थेपले घेतले, जंतुनाशकाचा वास घेतला आणि परत दिलं. मला माझ्या विद्यार्थिनीला काहीतरी म्हणायचं होतं. एकोणीस वर्षं बोलून पोट भरणारी बाई मी, पण तिथे उभी राहून फक्त "येत जा शाळेत कधी" एवढंच निघालं. ती म्हणाली, "रविवारी शाळा बंद असते, बाई."

डिकीतला भरलेला जार पाड्यावर द्यायचं कुणालाच सुचलं नाही. गाडीत एसी लागला तसा भाऊजींचा निसर्ग परत आला. घरी पोचायच्या आत त्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर करवंदांच्या जाळीपाशी काढलेला फोटो टाकला. खाली लिहिलं, "निसर्गाच्या कुशीत एक अविस्मरणीय दिवस." आत्यांनी, मावश्यांनी, ज्यांना मी ओळखत नाही अशा चुलत्यांनी हात जोडले, फुलं वाहिली. नवऱ्याने नुसता अंगठा दाखवला. चार दिवसांनी दोघं ठाण्याला गेले. पुढच्या वर्षी हिमालय बघायचाय, असं म्हणत होते. हिमालयाने काळजी घ्यावी.

मी पुढच्या रविवारी नवऱ्याला घेऊन पाड्यावर गेले, डिकीत दोन जार टाकून. ती नव्हती, तिला कंपनीने ओव्हरटाइमला थांबवलं होतं. म्हातारीने जार उतरवून घेतले आणि आम्हाला कैऱ्या दिल्या. दोन जारांनी काय होतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. त्याच्या पुढच्या रविवारी मी गेले नाही. लग्न होतं एक. हे लपवून कशाला ठेवायचं?

जूनमध्ये वर्गात ते पुस्तक वाचायचं की नाही, यावर मी बराच विचार केला. मुख्याध्यापकांना म्हटलं, यंदा दुसरं काहीतरी घेऊ. ते म्हणाले, दुसरं म्हणजे कपाटात काय आहे? मी कपाट उघडून पाहिलं. आणखी चार जंगलाच्या गोष्टी होत्या, चारही पुण्याला छापलेल्या.

पण त्याआधी, मे महिन्यातच, एक भलतीच गोष्ट झाली होती. सहलीनंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी बघते तर मुलगी ते पुस्तक घेऊन पंख्याखाली बसलेली, हातात पेन्सिल. मला भरून आलं. मागे जाऊन हळूच वाकून पाहिलं तर समासात ती खुणा करत होती. "साग पानं नसतात" असं रोमन लिपीत. पुढच्या पानावर "शाल??" त्याच्या पुढे नुसती रागाची रेघ. तिने मला सांगितलं, की ती चुका शोधतेय आणि आतापर्यंत त्रेसष्ट सापडल्यात. जी मुलगी मराठीचं दुसरं पान उलटत नव्हती, ती एकेक अक्षर जुळवत, ओठ हलवत, माझ्या लाडक्या पुस्तकाची अब्रू काढायला ते अख्खं वाचत होती. मला राग आला. वडिलांनी शर्टात लपवून आणलेली प्रत ती, त्यावर ही पोरगी पेन्सिल चालवतेय. आणि त्याच वेळी मी स्वयंपाकघरात जाऊन तिच्यासाठी कैरीचं पन्हं करायला लागले, कारण तिने उठू नये असं मला वाटत होतं.

पाचव्या प्रकरणावर ती अडली. पंख्याखालून ओरडली, "आई, 'त्यांनी तंबू लवणात ठोकला' म्हणजे? लवण म्हणजे मीठ ना? सायन्समध्ये आहे. हे लोक मिठात तंबू ठोकतात?"

"लवण म्हणजे खोलगट जागा," मी आतून ओरडले. "दोन चढांच्या मधली. जिथे पावसाळ्यात पाणी येतं ती."

मग पेन्सिलीचा आवाज.

"मग तिथे कोण तंबू ठोकतं?" ती म्हणाली. "चौसष्ट."